कर्करोगाचा वारसा आणि घराण्याची वही

एखाद्या घरातली बाई कर्करोगाने गेली, म्हणजे दिवसकार्य आटोपल्यावर घरातली मोठी माणसे हळू आवाजात एक गोष्ट बोलतात : "बाहेर कुणाला सांगू नका. मुलीचं लग्न व्हायचं आहे." मग कोणी सांगतो, पोटाचा विकार होता; कोणी म्हणतो, अशक्तपणाने गेली. दहा-पंधरा वर्षांनी खरा रोग कोणता होता, हे घरातल्यांनाही धड आठवत नाही. ही लपवाछपवी कोणी वाईट हेतूने करीत नाही, हे मान्यच आहे. परंतु ज्या मुलीच्या भल्यासाठी ती केली जाते, तिच्याच जिवावर ती प्रसंगी कशी बेतते, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

कर्करोग वारशाने येतो का, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असतो. त्याचे सरळ उत्तर असे की, बहुतेक वेळा येत नाही. थोड्या घराण्यांत मात्र येतो. शंभर कर्करोग घेतले तर त्यांतील सुमारे पाच ते दहा वारशाने आलेल्या दोषामुळे झालेले असतात. उरलेले वय, तंबाखू, जंतुसंसर्ग आणि इतर कारणांनी होतात. म्हणून घरात एकाला कर्करोग झाला की सगळ्या घराने धास्ती घ्यावी, असे मुळीच नाही. पण ज्या थोड्या घरांत वारसा असतो, त्या घरांना तो माहीत असणे फार अगत्याचे आहे.

आता स्त्रियांचे कर्करोग म्हटले, तरी ते सर्व एका जातीचे नव्हेत. गर्भाशय म्हणजे मूल जिथे वाढते ती पिशवी. तिच्या खालच्या तोंडाला गर्भाशयमुख म्हणतात. पिशवीच्या दोन बाजूंना दोन अंडाशय असतात, आणि त्यांतील बीज पिशवीकडे आणणाऱ्या दोन बीजनलिका असतात. या प्रत्येक ठिकाणच्या कर्करोगाची तऱ्हा निराळी आहे.

यांपैकी आपल्या देशात सर्वांत जास्त आढळतो तो गर्भाशयमुखाचा. तो वारशाचा रोग नव्हे, हे आधी पक्के लक्षात घ्या. पॅपिलोमा नावाच्या विषाणूचा संसर्ग पुष्कळ वर्षे टिकून राहिला, तर त्यातून तो उद्भवतो. जर्मनीतील शास्त्रज्ञ हाराल्ट त्सुर हाउझेन यांनी हे दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा रोग वेळीच हेरता येतो, याचा एक मोठा पुरावा आपल्याच महाराष्ट्राने जगाला दिला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने १९९९ सालापासून ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. ज्या गटाची या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्या गटात पुढील आठ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शिवाय या विषाणूवर लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. नऊ ते चौदा या वयात मुलीला ती टोचून घेणे सर्वांत हिताचे. तेव्हा या रोगाच्या बाबतीत घराणे पाहायचे नाही. तपासणी आणि लस पाहायची.

वारशाचा प्रश्न येतो तो मुख्यतः अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या आतील अस्तराच्या कर्करोगात, आणि त्यांच्या जोडीने स्तनाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगात. हा वारसा म्हणजे नेमके काय, ते आता पाहू.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनले आहे. प्रत्येक पेशीत शरीर कसे चालवायचे याची एक पोथीच असते म्हणा ना. या पोथीत सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत, आणि तिच्या दोन प्रती असतात : एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून आलेली. पोथीतील एकेका ओवीला शास्त्रज्ञ जनुक म्हणतात. पेशी दुभंगून दोन होतात तेव्हा ही सगळी पोथी नकलून काढावी लागते. जिथे नक्कल आली तिथे चूक आली. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता तीत पाठभेद शिरले. म्हणून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध करून दिली, हे आपणांस ठाऊकच आहे. पेशीतही असे शुद्ध करणारे असतात. काही जनुकांचे कामच मुळी चुका शोधून दुरुस्त करण्याचे असते. कोणी चुकलेले अक्षर सुधारतो, कोणी फाटलेले पान पुन्हा शिवतो.

आता समजा, हा दुरुस्ती करणाराच बिघडला तर? तर चुका साचत जातात. सगळे पाठभेद घातक नसतात. पुष्कळांनी अर्थ बदलतही नाही. पण पेशीने कधी वाढावे आणि कधी थांबावे हे सांगणाऱ्या ओव्यांतच चुका झाल्या, तर ती पेशी बेफाम वाढू लागते. तोच कर्करोग. दुरुस्ती करणाऱ्या जनुकाच्याही दोन प्रती असतात. ज्याला जन्मतःच एक प्रत बिघडलेली मिळते, त्याचे काम दुसऱ्या प्रतीवर चालते, म्हणून तो वर्षानुवर्षे निरोगी असतो. पण एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही बिघडली, की तेथे राखण करणारा कोणी उरत नाही. म्हणजे पाहा, वारशाने रोग येत नाही. येतो तो रोगाचा वाढलेला धोका.

ही गोष्ट शास्त्राला कळली ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईमुळे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे रोगशास्त्राचे प्राध्यापक होते. १८९५ साली त्यांच्या घरी शिवणकाम करणारी ही बाई त्यांना म्हणाली की, माझ्या घराण्यात बहुतेक माणसे जठराच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली आहेत. मीही तशीच लवकर जाणार. वॉर्थिन यांनी हे बोलणे हसण्यावारी नेले नाही. बाईने आपल्या नातलगांची माहिती गोळा करण्यास त्यांना मदत केली, आणि १९१३ साली त्यांनी या घराण्याची हकीकत प्रसिद्ध केली. ते घराणे 'जी' या अक्षराने ओळखले जाऊ लागले. पुढे बाईचे भाकीत खरे ठरले; गर्भाशयाच्या कर्करोगानेच तिचा अंत झाला.

त्या काळी वॉर्थिन यांच्या या कामाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. अमेरिकेतीलच ओमाहा शहरातील हेन्री लिंच या डॉक्टरांनी अशी आणखी घराणी शोधली आणि १९६६ साली त्यांची माहिती छापली. म्हणून या प्रकाराला आज लिंच यांचे नाव दिलेले आहे. यात कारणीभूत असणारी जनुके १९९३ आणि १९९४ साली सापडू लागली, आणि २००० साली खुद्द त्या 'जी' घराण्यातील दोषही हाती लागला. तो नक्कल शुद्ध करणाऱ्या जनुकातच होता. बाईने जे नात्यागोत्यांच्या माहितीवरून सांगितले, ते प्रयोगशाळेने शंभरावर वर्षांनी खरे ठरविले.

दुसरा प्रकार स्तन आणि अंडाशय यांचा. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन विदुषीने १९९० साली दाखविले की, अशा घराण्यांतील दोष सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ साली ते जनुक सापडले. त्याला 'बीआरसीए-१' म्हणतात. त्याचे जोडीदार 'बीआरसीए-२' हे तेराव्या गुणसूत्रावर आहे. ही दोन्ही तुटलेला धागा जोडणारी, म्हणजे फाटलेले पान शिवणारी जनुके होत.

धोका किती वाढतो? सर्वसाधारण शंभर स्त्रियांत आयुष्यभरात अंडाशयाचा कर्करोग एखादीला होतो. आपल्या देशात त्याहूनही कमी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील घराण्यांच्या अभ्यासात असे आढळले की, 'बीआरसीए-१' मध्ये दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ४४ जणींना, आणि 'बीआरसीए-२' मध्ये दोष असलेल्या शंभरांपैकी सुमारे १७ जणींना, ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत हा रोग होतो. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण दोन्हींत शंभरी सत्तरच्या आसपास आहे. लिंच यांच्या प्रकारात, त्यातील जोरदार जनुके बिघडलेली असली, तर गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका शंभरी चाळीसच्या आसपास जातो. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य घराण्यांवरून काढलेले आहेत, हे ध्यानात ठेवा. आणि यातच हेही दिसते की, दोष असूनही पुष्कळ जणींना रोग होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. स्त्रियांचा रोग म्हणजे तो आईकडूनच येणार, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. वडिलांच्या पोथीतही ही जनुके असतातच. दोष असलेल्या आईच्या किंवा बापाच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. नाणे उडवावे तसे. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणे नव्याने उडते.

एक उदाहरण घ्या. समजा, एका घरातली आजी पोटात पाणी होऊन गेली. आत्या लग्न होऊन परगावी गेली होती, तीही पंचेचाळिसाव्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. वडील मात्र सत्तरीतही शेतावर जातात, धडधाकट आहेत. आता त्यांच्या लेकीला डॉक्टरांनी विचारले, "काय हो बाई, तुमच्या आईला कर्करोग होता का?" ती म्हणणार, "नाही हो, आई अगदी ठणठणीत आहे." डॉक्टर निश्चिंत, लेकही निश्चिंत. पण आजीचा दोष वडिलांमध्ये आलेला असू शकतो. त्यांना अंडाशयच नाहीत, म्हणून तो दिसला नाही. आणि लेकीच्या वाट्याला तो आला असण्याची शक्यता उरतेच. आत्या दुसऱ्या घरची झाली, तिचे आडनाव बदलले, म्हणून तिचा आजार आपल्या घराच्या हिशेबात कोणी धरला नाही. जनुकांना मात्र माहेर आणि सासर, गोत्र आणि आडनाव हे भेद ठाऊक नाहीत. आणि पुरुष अगदीच सुटतात असेही नाही. या दोषांमुळे त्यांना पुरःस्थ ग्रंथीचा, मोठ्या आतड्याचा, क्वचित स्तनाचाही कर्करोग होऊ शकतो.

यावरून दुसराही एक बोध घ्यावयाचा. सून आजारी पडली की "हा रोग हिने माहेराहून आणला" असे म्हणणारी माणसे आहेत. तिला दोष मिळाला असेल तर त्यात तिचा अपराध कसला? आणि तिच्या मुलीला तोच रोग झाला, तर तो बापाच्या बाजूने आला नसेल कशावरून? शाप, करणी, देवीचा कोप यांचाही येथे काही संबंध नाही. नकलेतली ती एक चूक आहे, आणि ती केव्हातरी एखाद्या पूर्वजाच्या पोथीत पडलेली असते.

मग घराण्यात असा वारसा आहे की नाही, हे ओळखावे कसे? काही खुणा सांगतो. रक्ताच्या नात्यातील कोणालाही अंडाशयाचा कर्करोग झाला असणे. स्तनाचा, गर्भाशयाचा किंवा आतड्याचा कर्करोग पन्नाशीच्या आत झालेला असणे. एकाच बाजूच्या, म्हणजे नुसत्या आईच्या किंवा नुसत्या वडिलांच्या बाजूच्या, दोन-तीन माणसांना हे रोग झालेले असणे. एकाच व्यक्तीला दोन निरनिराळे कर्करोग, किंवा दोन्ही स्तनांना कर्करोग झालेला असणे. आणि पुरुषाला स्तनाचा कर्करोग झालेला असणे. यांपैकी एकही खूण घरात असली तर डॉक्टरांशी बोलावे. खूण असली म्हणजे वारसा असलाच असे नव्हे. विचारण्याचे कारण मात्र आहे.

यासाठी प्रत्येक घराने एक वही करावी, असे मला सुचवावेसे वाटते. आपल्याकडे वंशावळीची परंपरा जुनी आहे. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पिढ्यांची नावे असतात. पण त्या वह्या पुरुषांच्या क्रमाने चालतात. लग्न होऊन गेलेल्या लेकींचा माग त्यांत बहुधा लागत नाही. आपली ही नवी वही तशी नको. तीत आई आणि वडील, दोन्ही बाजू हव्यात. आजी, आजोबा, आत्या, मावशी, मामा, काका, भावंडे यांतील कोणाला कोणत्या अवयवाचा कर्करोग झाला, आणि त्या वेळी वय काय होते, एवढेच लिहावे. 'पोटाचा आजार' एवढ्यावर थांबू नये. रुग्णालयाचे जुने कागद सापडले तर जपून ठेवावेत. आणि हे काम घरातल्या वृद्ध बायकांना विचारून आजच करावे. त्यांच्याबरोबर पुष्कळ माहिती निघून जाते.

शिक्षकबंधुभगिनींनो, आपणांस येथे मोठे काम करता येईल. पण एक पथ्य पाळा. वर्गात मुलांना आपापल्या घरातील रोग सांगावयास लावू नका. ती घरची खासगी गोष्ट आहे. वंशावळ कशी काढावी हे फळ्यावर काल्पनिक कुटुंब घेऊन शिकवा, आणि घरची वही घरीच लिहिली जाऊ द्या.

डॉक्टरांना शंका आली तर ते जनुकतपासणी सुचवितात. त्यासाठी थोडे रक्त किंवा लाळ पुरते. शक्य असल्यास ज्याला रोग झाला आहे त्याचीच तपासणी प्रथम करतात. त्याच्यात नेमका दोष सापडला, म्हणजे मग इतर सज्ञान नातलगांत तेवढाच शोधता येतो. ज्या मुलीत तो सापडत नाही, तिचा धोका इतर चारचौघींएवढाच राहतो. तिच्या डोक्यावरचे ओझे उतरते, हाही तपासणीचा केवढा लाभ! पण घराण्यातील दोष कोणता हेच माहीत नसताना एकीच्या तपासणीत काही आढळले नाही, तर तेवढ्यावरून निर्धास्त होता येत नाही. म्हणून तपासणीच्या आधी आणि नंतर जाणकाराचा सल्ला हवाच. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या नवी मुंबईतील खारघर येथील संस्थेत असा सल्ला देणारा विभाग आहे. आपल्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी केली, तर जवळ कोठे सोय आहे ते कळू शकेल.

कोणी म्हणेल, "कळून तरी काय उपयोग? उगीच जिवाला घोर." असे नाही. कळल्यावर करण्यासारखे पुष्कळ आहे. अंडाशयाच्या कर्करोगाची अडचण अशी की, तो आत लपून वाढतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर केलेल्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २०२१ साली आला. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करीत राहूनही मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. म्हणून दोष असलेल्या स्त्रीला मुलेबाळे झाल्यावर, 'बीआरसीए-१' असेल तर ३५ ते ४० आणि 'बीआरसीए-२' असेल तर ४० ते ४५ या वयात, अंडाशय व बीजनलिका शस्त्रक्रियेने काढण्याचा सल्ला देतात. नलिका अशासाठी की, यांतले पुष्कळ कर्करोग तेथेच सुरू होतात. या शस्त्रक्रियेने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे चार-पंचमांशाने कमी होतो. पाळी मात्र लवकर जाते, अंगाची आग होते, हाडे ठिसूळ होण्याचा संभव असतो. तेव्हा हा निर्णय त्या बाईने सारे समजून घेऊन स्वतः करावयाचा आहे. सासरच्यांनी किंवा माहेरच्यांनी तो तिच्यावर लादू नये. लिंच यांच्या प्रकारात दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडे तपासतात, आणि मुले झाल्यावर गर्भाशय व अंडाशय काढण्याचा विचार करतात. रोग झालाच, तरी दोष कोणता हे ठाऊक असल्याचा फायदा होतो. अंडाशयाच्या कर्करोगावर, 'बीआरसीए'चा दोष असणाऱ्या रोग्यांसाठी, २०१४ सालापासून ओलापरिबसारखी औषधे आलेली आहेत.

वारसा असो वा नसो, काही लक्षणे कोणत्याही बाईने अंगावर काढू नयेत. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, मग ते थेंबभर का असेना. दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जाणे. पोट सतत फुगलेले राहणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार लघवीस लागणे, आणि हे दोन-तीन आठवडे टिकणे. यावर घरगुती काढे घेत बसू नका. गर्भाशयाच्या कर्करोगात रक्तस्राव लवकर दिसतो; तेव्हाच गेले तर बहुतेक वेळा तो पुरता बरा होतो.

उरला लग्नाचा प्रश्न, कारण सगळी लपवाछपवी त्याच्यापायीच होते. "अशा घरची मुलगी करावी का?" असे विचारणाऱ्याने आधी हे पाहावे की, तोच दोष मुलाच्या घरातही असू शकतो, आणि त्याच्या आत्याचा आजार त्याला कोणी विचारलेला नाही. मुलगा हा दोष पुढच्या पिढीला अगदी तेवढ्याच प्रमाणात देतो. मग तराजू एकीसाठीच का? शिवाय ज्या मुलीला आपला धोका विसाव्या-पंचविसाव्या वर्षी कळला आहे, तिच्या हाती सावध राहण्यास पुढची पंधरा-वीस वर्षे असतात. जिच्यापासून तो लपविला गेला, तिला तो बहुधा रोग पसरल्यावरच कळतो.

म्हणून आईवडिलांना एवढेच सांगणे आहे. गावाला सांगू नका, हवे तर. पण लेकीला सांगा, लेकालाही सांगा, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीच्या मुलांनाही कळवा. आजी कशाने गेली हे जाणून घेण्याचा त्यांना हक्क आहे. आज रात्रीचे जेवण झाल्यावर घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसा, आणि वहीचे पहिले पान लिहावयास घ्या.